पत्रकार आणि पीआरवाले एकमेकांना काय समजतात: इंदूरमध्ये नवीन कामाला लागणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरमध्ये नवी मुलं कामाला लागतात. कोणी डीएव्हीव्हीच्या, म्हणजे इथल्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या, पत्रकारिता विभागातून येतो, कोणी भोपाळच्या माखनलाल पत्रकारिता विद्यापीठातून, आणि कोणी नुसतंच "मला लिहिता बरं येतं" एवढ्या भांडवलावर. त्यातली काही प्रेस कॉम्प्लेक्सकडे, म्हणजे पेपरांच्या ऑफिसांकडे वळतात, काही विजयनगर-पलासियाच्या एखाद्या पीआर (म्हणजे जनसंपर्क) एजन्सीत नाहीतर हॉस्पिटल, कोचिंग, बिल्डर यांच्या ऑफिसात. आपल्या मराठी लोकांत एक तिसरा प्रकारही असतो, त्याला कोणी विचारलेलं नसतं. राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरच्या मंडळाच्या मीटिंगला जो सगळ्यात उशिरा पोचतो त्याला प्रसिद्धीप्रमुख करून टाकतात.

तिघांनाही पहिल्याच आठवड्यात फुकटचं ज्ञान मिळतं. न्यूजरूममध्ये सिनियर सांगतो, पीआरवाल्यांचे फोन उचलत बसू नको, फुकटात जाहिरात छापून घ्यायला बघतात. एजन्सीत सांगतात, पत्रकाराला बातमी-बितमी काही नसते, ओळख पाहिजे आणि पाकीट पाहिजे. मंडळातले अध्यक्षकाका म्हणतात, अरे त्यांना पोहे-जिलेबी नीट द्या, बाकी आपोआप छापून येतं. मी आधी पेपरच्या सिटी डेस्कवर, म्हणजे शहराच्या बातम्या तपासून लावणाऱ्या टेबलावर होतो आणि नंतर दुसऱ्या बाजूला, पीआरमध्ये गेलो, त्यामुळे हे तिन्ही डायलॉग मी ऐकलेत आणि खरं सांगायचं तर दोन-तीनदा स्वतः मारलेतही. तर नवीन माणसाने काय करायचं ते पायरी-पायरीने सांगतो, काही पायऱ्या मोठ्या आहेत काही अगदी दोन ओळींच्या, जसं सुचेल तसं.

पायरी १: आधी समोरच्याबद्दलचं स्वतःचं मत कागदावर काढा

तीन प्रश्न लिहा. बातमीत मला काय महत्त्वाचं वाटतं? समोरच्याला काय महत्त्वाचं वाटत असेल असं मला वाटतं? आणि तो माझ्याबद्दल काय समजत असेल? उत्तरं लिहून झाली की समोरच्या बाजूच्या एखाद्या माणसाला गाठून विचारा, चहा पाजा आणि विचारा, लाजायचं नाही.

का सांगतोय, तर हे खरंच तपासून झालेलं आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये एक अभ्यास झाला, त्यात पत्रकार आणि पीआरवाले दोघांनाही बातमीचे निकष देऊन क्रम लावायला सांगितलं. दोघांचे क्रम जवळजवळ सारखे निघाले. मग पत्रकारांना विचारलं की पीआरवाले कसा क्रम लावतील, तर त्यांनी सांगितलेला क्रम जवळपास उलटा होता. १९८४ मध्ये फ्लोरिडात संपादक आणि पीआरवाल्यांवर असाच अभ्यास झाला आणि गोष्ट तीच निघाली: बातमी अचूक पाहिजे, वाचकाला तिच्यात रस पाहिजे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत. पण संपादकांना वाटत होतं की पीआरवाल्यांच्या यादीत सगळ्यात वर "आपल्या माणसाची चांगली बाजू दिसली पाहिजे" हे असणार, आणि पीआरवाल्यांनी स्वतः ते बरंच खाली टाकलं होतं.

आता यावर माझं एक म्हणणं आहे. फॉर्म भरताना कोणीही अचूकपणालाच पहिला नंबर देणार हो, तिथं बाजूला क्लायंट उभा नसतो. संध्याकाळी क्लायंटचा फोन येतो, "आमच्या चेअरमन सरांचं नाव हेडिंगमध्ये नाही?" तेव्हा तोच क्रम किती टिकतो हे त्या अभ्यासात दिसत नाही. तरी मुद्दा उरतोच. बातमी म्हणजे काय यावर भांडण फारसं नाहीये, भांडण आहे ते समोरच्याच्या मनात काय आहे याच्या अंदाजावर, आणि तो अंदाज बहुतेक वेळा चुकीचा असतो. व्याह्या-व्याह्यांसारखं आहे हे सगळं, एकमेकांवाचून भागत नाही आणि पाठ वळली की दोघं एकमेकांच्या तक्रारी करतात.

पायरी २: समोरच्याचं घड्याळ पाठ करा

मला विचाराल तर अर्धे गैरसमज इथून निघतात आणि कोणीच हे शिकवत नाही.

सकाळच्या पेपरचा दिवस साधारण असा जातो. सकाळी उशिरा रिपोर्टरांची मीटिंग, त्यात कोण काय आणणार ते ठरतं. मग दिवसभर बाहेर, नगर निगम, कलेक्टर ऑफिस, कोर्ट, पोलीस थाणे, जी ज्याची बीट, म्हणजे त्याला नेमून दिलेला विषय. संध्याकाळी पाचनंतर परत येऊन टायपिंग, आणि सहा ते आठ-साडेआठ हा वेळ म्हणजे आग लागलेली असते. बाहेरगावी, धार-खरगोन-खंडव्याकडे जाणारी पानं आधी सुटतात, शहराचं पान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. आता या सगळ्यात संध्याकाळी सातला फोन करून "सर, दुपारी मेल केली होती, बघितली का?" असं विचारलं तर समोरून काय येणार? तो माणूस उद्धट नसतो, त्याच्याकडे त्या वेळी खरंच काही सेकंद असतात. अग्निबाण, प्रभात किरण असे आपल्याकडचे सांध्य दैनिकवाले मात्र एकदम उलटे चालतात, त्यांची गर्दी सकाळी असते, त्यांना दुपारी तीनला "आज सकाळी झालेल्या" कार्यक्रमाची नोट पाठवली तर ती शिळी. चॅनलवाल्यांना कागद नको, बोलणारा माणूस आणि मागे काहीतरी हलतं-बोलतं दिसायला पाहिजे. पोर्टल आणि यूट्यूबवाले कधीही फोन करतात आणि त्यांना सगळं आत्ताच पाहिजे.

म्हणजे फोन करायचाच असेल तर सकाळच्या मीटिंगनंतर, बारा-साडेबाराच्या आसपास. त्याच्या आधी मीटिंगमध्ये शिव्या खात असतो, त्याच्या नंतर बाइकवर असतो.

आता रिपोर्टर मंडळींनो, पीआरवाल्याचंही घड्याळ असतं आणि ते तुम्हाला माहीत नसतं. तुम्ही साडेसहाला मेसेज टाकता, "भिया एक कोट दे दे, दहा मिनिटांत पाहिजे." त्याच्या हातात काहीच नसतं. तो मॅनेजरला विचारतो, मॅनेजर मुंबई-दिल्लीच्या हेड ऑफिसला, तिथला माणूस लीगलला, लीगलवाला घरी निघालेला असतो. मग रात्री नऊला चार ओळी येतात ज्यात काहीच नसतं, "आम्ही ग्राहकांच्या हिताला सर्वोच्च प्राधान्य देतो" वगैरे, आणि तुम्ही म्हणता हा मुद्दाम टाळून राहिला होता. काही वेळा टाळतोही, खोटं कशाला बोलू, पण बहुतेक वेळा तो बिचारा त्या साखळीत अडकलेला असतो. प्रश्न दुपारी दोनपर्यंत लिहून पाठवलेत तर उत्तरात जीव असण्याची शक्यता बरीच वाढते.

पायरी ३: कोण कोण आहे ते ओळखा

सगळ्यांना एकाच नावाने "पीआरवाला" म्हणायची पद्धत आहे, ती सोडा. जनसंपर्क अधिकारी म्हटलं की जुन्या माणसाला अजूनही सरकारी पीआरओच आठवतो, म्हणजे जिल्हा जनसंपर्क कार्यालय, जिथून सरकारी बातम्या निघतात आणि पत्रकारांच्या अधिमान्यतेचे (सरकारी मान्यतेचे) कागदही सरकारच्या याच खात्याकडे जातात. त्याच्याशी नातं वेगळं, कारण तो क्लायंट बदलू शकत नाही आणि त्याची बदली होऊ शकते. नगर निगमाचं वेगळं. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा नंबर सारखा पहिला येत गेला, तेव्हापासून इथं कचऱ्याची बातमीसुद्धा प्रतिष्ठेची झालीय, आणि स्वच्छतेबद्दल जरा वाकडं छापलं की फोन कुठून-कुठून येतात हे नवीन रिपोर्टरला लवकरच कळतं. हॉस्पिटल-कॉलेजचा पगारी पीआरओ, एजन्सीतला अकाउंट एक्झिक्युटिव्ह ज्याच्या डोक्यावर पाच-सहा क्लायंट असतात, इव्हेंटवाला ज्याला फक्त तिकिटं खपवायचीत, आणि आपला मंडळाचा प्रसिद्धीप्रमुख ज्याला कोणी एक पैसा देत नाही. यांच्याकडून सारखीच अपेक्षा ठेवून कसं चालेल.

तसंच दुसऱ्या बाजूने. "पेपरवाले" नावाचा एक माणूस नसतो. रिपोर्टर बातमी आणतो, सिटी चीफ ठरवतो, डेस्क कापतं आणि हेडिंग देतं, पान लावणारा जागा नसेल तर उडवतो. हेडिंग वाईट लागलं म्हणून रिपोर्टरवर चिडू नका, त्याने ते दिलेलंच नसतं. फोटोग्राफरला वेगळं बोलवा, त्याला वेळ वेगळी सांगा, दीपप्रज्वलन झाल्यावर तो पोचला तर तुम्हालाच परत पेटवावं लागेल, आणि हे होतं, मी बघितलंय.

अजून एक, इथल्या पत्रकाराच्या अभिमानाचं कारण समजून घ्या. १९४७ ला सुरू झालेल्या नईदुनियाने या शहरात एक पिढी घडवली. राहुल बारपुते हा मराठी घरातला माणूस तिथं हिंदी पेपरचा संपादक होता, राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी तिथूनच पुढं दिल्लीत गाजले. आजचा पंचविशीतला रिपोर्टर ते दिवस बघून आलेला नाही, पण त्या गोष्टी त्याने सिनियरकडून ऐकलेल्या असतात आणि त्यामुळे कोचिंगच्या टॉपर मुलांचे फोटो घेऊन येणाऱ्या पीआरवाल्याकडे तो जरा वरूनच बघतो. बघू द्या, त्यात तुमचं काही जात नाही.

पायरी ४: प्रेसनोट

पहिल्या दोन ओळींत काय, कुठं, कधी, कोण. बस. "अत्यंत हर्ष का विषय है कि" ने सुरू होणारी प्रेसनोट डेस्कवरचा माणूस वाचत नाही, तो खाली बातमी कुठं लपलीय ते शोधतो आणि सापडली नाही की पुढची उघडतो.

मंडळाच्या नोटमध्ये नेहमीचा घोळ असा होतो की आधी चौदा पाहुण्यांची नावं, मग कोणाचा सत्कार कोणी केला, सूत्रसंचालन, आभार, आणि शेवटी कुठंतरी की पुण्याहून आलेल्या गायिकेने दोन तास गायलं. डेस्कवाल्याला सहा ओळींची जागा आहे. त्याने गायिका ठेवली आणि पाहुणे उडवले तर त्याची चूक नाही, पण सकाळी सातला तुम्हाला फोन येणार, "अरे माझं नाव कसं नाही आलं? पुष्पगुच्छ मीच दिला होता ना?" काकूंना समजवायची जबाबदारी तुमची, त्या पेपरवाल्याची नव्हे. म्हणून कार्यक्रमाआधीच सगळ्यांना सांगून ठेवा की पेपरात तीन नावं जातील, बाकीची मंडळाच्या पत्रिकेत.

काही बारक्या गोष्टी ज्यांनी खरंच फरक पडतो. नोट टेक्स्टमध्ये पाठवा, पीडीएफ नको, पीडीएफमधून हिंदी कॉपी केलं की अक्षरांचा चुरा होतो. युनिकोडमध्येच टाइप करा. अजूनही बऱ्याच ऑफिसांत कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात आणि पेपरांमध्ये चाणक्यसारखे फॉन्ट चाललेले, आता कन्व्हर्टर आहेत पण रात्री आठला कोणी कन्व्हर्ट करत बसत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्याचा दम जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फोटोत डावीकडून कोण-कोण ते लिहा. खाली जो नंबर द्याल तो उचलणाऱ्याचा द्या, साहेबांचा नको. कंपनीची नोट इंग्रजीतून आलेली असेल तर मशीनने हिंदी करून तशीच पुढं ढकलू नका, आणि आपण घरी मराठी बोलणारे असू तर हिंदीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग कोणाकडून तरी एकदा वाचून घ्या, आपली दांडी तिथंच उडते.

रिपोर्टरसाठी यातच एक: नोट जशीच्या तशी स्वतःच्या नावाने छापू नका. एक फोन तरी करा, शक्यतो अशा माणसाला ज्याचं नाव नोटमध्ये नाही. पीआरवाला समोर गोड बोलतो पण ऑफिसात जाऊन सांगतो की "याला काहीही द्या, लागतं." तुमच्याबद्दलचं मत तिथं बनतं.

पायरी ५: फोनवर काय बोलायचं

असं नको:
"दादा, कालची प्रेसनोट मिळाली का?"
"बघतो."
"लागेल ना दादा?"
इथं संवाद संपला, आणि तुमचा नंबर त्याच्या डोक्यात कायमचा त्या खात्यात गेला.

असं चालतं:
"दादा, एक मिनिट आहे का? उद्या अकराला आमच्याकडे एक सासू आणि सून बोलायला तयार आहेत, सासूने सुनेला किडनी दिलीय. दोघींची परवानगी लेखी घेतलीय. तुमची बीट आहे का, की दुसऱ्या कोणाला सांगू?"
"सासूने सुनेला? थांब, मीच येतो. डॉक्टर बोलतील ना?"
"डॉक्टर पाच मिनिटं बोलतील, पण खर्चाचं विचारलंत तर तेही सांगतील, मी आधीच सांगून ठेवलंय."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पत्रकाराला पीआरवाल्याची भीती नसते, त्याला वाटतं हा मला अवघड प्रश्न विचारू देणार नाही. ती दारं तुम्ही आधीच उघडून ठेवलीत की निम्मं काम झालं. इंदूरमध्ये अवयवदानासाठी ग्रीन कॉरिडॉर होतात, म्हणजे अवयव नेणाऱ्या ॲम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा करतात, तेव्हा बघा, हॉस्पिटलवाले, सोशल वर्कर, पोलीस आणि पत्रकार सगळे त्या तासाभरात कसे एका टीमसारखे चालतात. ॲम्ब्युलन्स कधी निघणार, कोणत्या रस्त्याने, घरच्यांशी कोण बोलणार, कोणाचा फोटो घ्यायचा नाही, सगळं आधी ठरलेलं असतं. तिथं कोणी कोणाला "पीआरवाला" म्हणून टोमणा मारत नाही.

पायरी ६: पैसा, पाकीट, पास

हे टाळून लेख लिहिता येणार नाही.

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की प्रेस कौन्सिलने दोन जणांची उपसमिती नेमली. २०१० मध्ये रिपोर्ट तयार झाला, कौन्सिलने मात्र आधी त्याची छोटी आवृत्तीच पुढं आणली, पूर्ण रिपोर्ट २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर अधिकृतपणे लोकांसमोर आला. पेड न्यूज म्हणजे पैसे किंवा वस्तू घेऊन छापलेली-दाखवलेली कोणतीही बातमी किंवा विश्लेषण, अशी व्याख्या त्यातून पुढं आली. आता निवडणूक लागली की जिल्ह्यात मीडियावर नजर ठेवणारी समिती बसते आणि संशयास्पद बातमी दिसली की उमेदवाराला नोटीस जाते, खर्च त्याच्या खात्यात धरला जाऊ शकतो. नवीन पीआरवाल्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण नेताजींच्या पुढंमागं फिरणारी पोरं तुम्हाला निवडणुकीच्या दिवसांत हमखास म्हणतील, "भिया, अपनी खबर बढ़िया सी लगवा दो, पैसे की चिंता मत करो."

आता रोजचं बघू. जाहिरात आणि बातमी यांचं बोलणं एकाच फोनवर कधीच करू नका. "आम्ही तुमच्या पेपरला एवढ्या जाहिराती देतो" हे वाक्य रिपोर्टरला सांगण्यात अर्थ नाही, ते पैसे त्याच्या खिशात जात नाहीत, उलट त्याचा अपमान होतो. आणि खरी मेख अशी आहे की काही वेळा तुमच्याच कंपनीचा मार्केटिंगवाला वरून पेपरच्या जाहिरात विभागाला फोन करतो, तिथून डेस्कवर निरोप येतो की हे लावा, आणि मग रिपोर्टरला वाटतं हे तुम्ही केलं, तुम्हाला वाटतं पैशाने सगळं लागतं. दोघांनी मिळून काही केलेलंच नसतं, दोघांच्या डोक्यावरून व्यवहार झालेला असतो. पैसे देऊन पान घ्यायचंच असेल तर उघड घ्या, वर "विज्ञापन" किंवा "ॲडव्हर्टोरियल" लिहिलेलं असेल याची तुम्हीच खात्री करा.

शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका, १९०६ मध्ये अमेरिकेत आयव्ही ली नावाच्या माणसाने, जो आधी स्वतः रिपोर्टर होता, संपादकांना एक जाहीरनामा पाठवला होता. त्याचा आशय असा, आम्ही काम उघडपणे करतो, ही जाहिरात एजन्सी नाही, आमचा मजकूर तुमच्या जाहिरात खात्यात जायला हवा असं वाटलं तर तो वापरूच नका. आजही एजन्सीच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. पण त्याच आयव्ही लीला टीकाकार विषारी म्हणत, आणि १९३० च्या दशकात एका मोठ्या जर्मन केमिकल कंपनीला सल्ला दिल्यावरून त्याची अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर चौकशी झाली. म्हणजे पत्रकारांचा संशय काही हवेतून आलेला नाही.

गिफ्टचं माझं मत सरळ आहे. डायरी-पेन ठीक, दिवाळीचा मिठाईचा डबा जो सगळ्यांना जातो तो ठीक, कूपन-कॅश-मोबाइल अजिबात नाही. कंपनीने विमानाने नेलं असेल तर बातमीच्या खाली तसं लिहा, एका ओळीने काही बिघडत नाही.

आणि रिपोर्टरांनो, तुमच्या बाजूचं पाकीट म्हणजे "काम." साळ्याला हॉस्पिटलच्या बिलात सूट, भाच्याची कॉलेजची ॲडमिशन, गरब्याचे पास. होळकर स्टेडियमवर मॅच लागली की त्या आठवड्यात पीआरवाले फोन सायलेंटवर टाकून फिरतात, कारण ज्याने वर्षभरात एकदाही मेलला उत्तर दिलेलं नाही तोही चार पास मागतो. पीआरच्या ऑफिसात तुमच्याबद्दल वाईट बोललं जातं ते बहुतेक याच गोष्टींवरून, तुमच्या कडक बातम्यांवरून नाही. कडक बातमीबद्दल तर मागं थोडा आदरच असतो.

पायरी ७: वाईट दिवस येईल तेव्हा

हॉस्पिटलमध्ये पेशंट गेला आणि नातेवाइकांनी तोडफोड केली, कॉलेजच्या होस्टेलमध्ये काही घडलं, कंपनीच्या युनिटला आग लागली. या दिवशी पीआरवाला फोन बंद करतो आणि पत्रकार जे मिळेल ते लावतो. दुसऱ्या दिवशी एक म्हणतो "यांना सनसनी पाहिजे", दुसरा म्हणतो "यांनी लपवलं." दोघंही आपापल्या परीने बरोबर, त्यामुळे भांडण मिटत नाही.

परत आयव्ही ली. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वे पाण्यात पडली, पन्नासच्या वर माणसं गेली. त्या काळात रेल्वे कंपन्या अपघात दाबून टाकायच्या. त्या रेल्वे कंपनीचं पीआर बघणाऱ्या लीने उलट केलं, लगेच निवेदन काढलं आणि रिपोर्टरांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. काही पेपरांनी ते निवेदन तसंच्या तसं छापलं.

तुम्ही काय करायचं: तासाभरात चार ओळी. काय झालंय जे नक्की माहीत आहे, काय अजून तपासतोय, पुढची माहिती किती वाजता. आणि त्या वेळेला खरंच द्या, नवीन काही नसलं तरी "अजून नवीन नाही" एवढं सांगा. "नो कमेंट" नको. पेशंटचं नाव, रिपोर्ट, घरचा पत्ता नको, कोणी कितीही जवळचा असला तरी. एकाला सांगितलं तर सगळ्यांना सांगा, नाहीतर बाकीचे पुढची दोन वर्षं धरून ठेवतात. ऑफ द रेकॉर्ड बोलायचं असेल तर बोलण्याच्या आधी ठरवा, समोरच्याकडून "हो" ऐका, मग बोला. बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हटलं तर तो ऐकायला बांधलेला नाही, आणि त्याने छापलं तर त्याने दगा दिला असं म्हणू नका.

रिपोर्टरने एक करायचं, तुमच्याकडे जो आरोप आहे तो पूर्ण सांगून उत्तर मागा. "काही सांगायचंय का?" असं मोघम विचारून "संपर्क होऊ शकला नाही" लिहिणं ही ट्रिक सगळ्यांना कळते.

पायरी ८: नाही म्हणायला शिका

छोटी पायरी. रिपोर्टरने "नाही चालणार भिया" एवढं लिहून टाकावं, पीआरवाल्याला त्याचा राग येत नाही, त्याला क्लायंटला सांगायला काहीतरी मिळतं. आणि पीआरवाल्याने क्लायंटला सांगावं की तुमच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाला पत्रकार परिषद लागत नाही. हे दुसरं जास्त अवघड आहे. पण ज्या परिषदेत चार पत्रकार आणि सत्तावीस स्टाफ बसलेला असतो तिथं तुमचीच किंमत कमी होते.

पायरी ९: छापून आल्यावर

चूक आली असेल तर आधी रिपोर्टरलाच फोन करा, त्याच्या वरच्याला नाही. काय चुकलं, बरोबर काय, कागद कोणता, एवढंच. आकडा किंवा नाव चुकलं असेल तर दुरुस्ती मागा. सूर आवडला नाही ही चूक नव्हे, त्यासाठी फोन करू नका. रिपोर्टरने चूक असेल तर ती मान्य करून दुरुस्ती लावावी, "बघतो" म्हणून विसरून जाऊ नये, कारण त्या बिचाऱ्या पीआरवाल्याला त्याच्या ऑफिसात रोज विचारणा होऊन राहिलेली असते.

मग येते क्लिपिंगची, म्हणजे कात्रणांची फाइल. एजन्सीत अजूनही पट्टी घेऊन कॉलम सेंटिमीटर मोजतात, जाहिरातीच्या रेटने गुणतात आणि क्लायंटला सांगतात की एवढ्या लाखांचं कव्हरेज मिळालं. २०१० मध्ये बार्सिलोनात पीआर मोजणाऱ्या मंडळींनी एकत्र येऊन काही तत्त्वं ठरवली, त्यात स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीच्या किमतीवरून पीआरचं मोल ठरत नाही. तरी आपल्याकडे ती पट्टी चालूच आहे. आणि बघा ना, बातमीला तुम्ही स्वतःच जाहिरातीच्या रेटने मोजणार आणि मग पत्रकाराने तुम्हाला फुकट जाहिरात करणारा म्हटलं की वाईट वाटून घेणार.

साहेबांना आकडा पाहिजेच असेल तर दुसरे द्या. बातमी आल्यावर चौकशीचे किती फोन आले, कॅम्पला किती माणसं आली, बातमीत आपलं म्हणणं नीट उतरलं का की फक्त नाव आलं, किती रिपोर्टरांनी स्वतःहून फोन करून काही विचारलं. शेवटचा आकडा मला सगळ्यात कामाचा वाटतो, तो वाढत असेल तर तुमचं बरं चाललंय. महिन्याचा रिपोर्ट एक तारखेला देऊ नका, तीनला द्या, म्हणजे शेवटच्या रविवारच्या पुरवण्या आणि बाहेरगावच्या एडिशनची कात्रणंही त्यात येतात.